जुन्या लाकडी जिन्यावरचं कार्पेट काढलं, त्यानंतरच्या नोंदी

घर पुण्याच्या नारायण पेठेतलं, दगडी जोत्याचं, वरचा मजला लाकडी तुळयांवर. जिना सरळ चढणारा, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कातीव खांबांचा कठडा. पायऱ्या १४, रुंदी पावणेतीन फूट. चढ जुन्या घरांत असतो तसाच उभा: पाऊल ठेवायला ९ इंच, उंची ८ इंच. मधल्या दोन फुटांच्या पट्ट्यावर फेल्टचं कार्पेट, १९९० नंतर कधीतरी रबरी गोंदाने चिकटवलेलं, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. दोन्ही अंगांना उरलेल्या साडेचार-साडेचार इंचांवर चॉकलेटी ऑइल पेंट. पायऱ्या खालून वर मोजल्या आहेत, म्हणजे पहिली सर्वांत खालची.

काढायचं कारण एकच. कार्पेटची कड सुटली होती आणि त्यात आईचा पाय अडकला. पडली नाही, कठडा हाताशी होता. आई तळमजल्यावर राहते, भाऊ-वहिनी वर. पण दिवसातून दोनदा तरी तिला वर जायचंच असतं.

शनिवार, २५ ऑक्टोबर

दिवाळी उरकली, पाऊसही गेला. आज काढायला घेतलं.

कार्पेट निघायला वेळ लागत नाही, पट्ट्यांना लागतो. एकेका पट्टीला पाच स्क्रू, सगळे गंजलेले आणि खाचा झिजलेल्या. स्क्रू ड्रायव्हर लावला की घसरतो आणि बोटावर येतो. भावाने युक्ती केली ती चालली: सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवायचं, गार होऊ द्यायचं, मग स्क्रू ड्रायव्हर खाचेत धरून वरून हातोडीचा एक ठोका, आणि मग फिरवायचं. तापून-आकसून गंजाची पकड सुटते. तरी जे हलले नाहीत त्यांची डोकी ड्रिलने उडवली, पट्टी काढली आणि वर राहिलेला दांडा पकडीने फिरवून काढला. पट्टीखाली पटाशी घालून उचकटायच्या फंदात पडू नका. एका पायरीची कड तशीच फाटली, बोटभर लांब ढलपी निघाली. तो तुकडा फेकला नाही, कागदात गुंडाळून पायरीचा नंबर घालून ठेवला. नंतर चिकटवता येतो.

कार्पेट कटरने प्रत्येक पायरीच्या आतल्या कोपऱ्यात आडवं कापलं आणि वरून खाली ओढत आणलं. आधी फवाऱ्याच्या बाटलीने हलकं पाणी मारलं होतं तरी धूळ उडालीच. कार्पेटच्या पाठीवरचं रबर इतक्या वर्षांत भुकटी झालेलं आहे, हात लावला की सांडतं. साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही. खाली काय काय निघालं: टाचण्या, केस, तांदळाचे दाणे, एक पंचवीस पैशाचं नाणं, आणि पहिल्या पायरीच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात मातीची बारीक नळी. वाळवी.

रविवार, २६ ऑक्टोबर

रंगाचा विचार सोडून आज फक्त तपासणी केली. प्रत्येक पायरीच्या उभ्या फळीवर खडूने नंबर घातला, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐकला, टोक घुसवून पाहिलं, मग भावाला वर-खाली करायला लावून मी जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत बॅटरी घेऊन बसले. हे खालून बघणं फार कामाचं. आमचा जिना खालून फळ्या मारून बंद केलेला नाही, त्यामुळे पाय पडला की नेमकी कुठली फळी हलते ते दिसतं. तुमचा बंद असेल तर दुरुस्तीआधी एक-दोन फळ्या काढाच.

निष्कर्ष असे. चौथीपासून चौदावीपर्यंत सगळ्या पायऱ्या साग, दीड इंच जाड, ठणठणीत. पहिल्या तिन्ही वेगळ्या: वजनाला हलक्या, रेषा ढोबळ, रंग फिका, जाडी सव्वा इंच. आत्याला फोन केला तर ती लगेच म्हणाली, "पानशेतनंतर बदलल्यात त्या. तेव्हा मिळेल ते लाकूड लावलं." १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नारायण पेठ पाण्याखाली गेली होती. पहिल्या पायरीच्या पोकळीत हात घातला तर मागच्या बाजूला बोटभर जाड, वाळून कडक झालेला गाळ बसलेला. तो उकरून काढला. ओल धरून ठेवायला आणि वाळवीला लपायला याहून चांगली जागा नाही.

पहिली पायरी मागच्या अंगाने पोकळ. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. दुसरी-तिसरी शाबूत. पाचवी, नववी आणि बारावी करकरतात. सहावी ते नववी या चार पायऱ्यांची पुढची कड मधोमध झिजून अर्धा इंच खाली गेली आहे. कार्पेटने हे सगळं झाकलं होतं.

शनिवार, १ नोव्हेंबर

गोंद. या कामातला सगळ्यात वाईट भाग हाच, म्हणून सविस्तर लिहिते.

कार्पेट निघाल्यावर मागे तपकिरी, चिवट पापुद्रा राहतो, त्यात फेल्टचे तंतू रुतलेले. तेराव्या पायरीवर, जिथे कोणाचं लक्ष जात नाही, तिथे चार हिस्से करून चार प्रयोग केले.

सँडिंग मशीनला ८० नंबरचा पॉलिश पेपर लावला: काही क्षणांत पेपर भरून गुळगुळीत. मशीनच्या उष्णतेने गोंद वितळतो आणि पेपरवर चढतो. पेपर वाया, पायरी होती तशीच.

टर्पेंटाईन ओतून ठेवलं: गोंद मऊ झाला खरा, पण त्याचा गुळाचा पाक झाला. खरवडायला गेलं की पसरतो, आणि पातळ झालेला भाग लाकडाच्या रेषांत मुरतो. हे करू नका. रेषांत मुरलेल्या गोंदाचा त्रास पुढे पॉलिश लावून पाहिलं तेव्हा समजला.

थिनर: पटकन विरघळवतो, पण पापुद्रा जाड असेल तर लिटरच्या लिटर जातं आणि डोकं धरतं.

हीट गन आणि पुट्टीची पोलादी पट्टी: हे जमलं. गन कमी तापमानावर, वीतभर जागा तापवायची, गोंद फुगून सैल झाला की पट्टी जवळजवळ आडवी धरून पुढे ढकलायची. सालासारखी लांब फीत निघते. पट्टीवरचा गोंद दर खेपेला जुन्या चिंधीला पुसायचा, नाहीतर पुढच्या जागेवर परत लागतो. गन एका जागी धरली तर लाकूड काळं पडतं. उरलेला पातळ थर थिनरच्या बोळ्याने.

हीट गन आणि थिनर एका वेळी चालवायचे नाहीत. आम्ही सकाळी गन, ती पूर्ण गार झाली की दुपारी थिनर, असं ठेवलं. त्यातही एक गोष्ट ऐन वेळी लक्षात आली: देवघर जिन्याच्या पायथ्याशी आहे. थिनरची वाफ जड, खाली उतरून बसते. म्हणून तिन्हीसांजेच्या दिव्याआधी दोन तास थिनर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि काम चाललं तोवर आईने दिवा तुळशीपाशी लावला. थिनरच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या नाहीत, गच्चीवर दोरीला मोकळ्या वाळवल्या.

एका पायरीला सुरुवातीला सव्वा तास लागत होता, हात बसल्यावर चाळीस मिनिटं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आता दोन्ही अंगांचा ऑइल पेंट. वर चॉकलेटी, त्याखाली हिरवा, त्याखाली पांढरा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. आमचे तिन्ही थर त्याच्या कितीतरी आधीचे, तेव्हा त्यांत शिसं आहे असंच धरलं. म्हणजे कोरडं घासायचं नाही, धूळ करायचीच नाही.

पेंट रिमूव्हर ब्रशने जाड थापला, वर प्लॅस्टिकचा कागद टाकला म्हणजे तो वाळत नाही, आणि रंग फुगला की खरवडला. तीन थर एकदम येत नाहीत. पांढऱ्याला दुसरी खेप लागली. रबरी हातमोजे घ्या, शस्त्रक्रियेचे पातळ मोजे रिमूव्हरने विरघळतात. खरवड ओली असतानाच पिशवीत भरली. राहिलेले डाग पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने घासले आणि तो चिखल लगेच पुसला. झाडू मारला नाही, रोज संध्याकाळी ओलं फडकं. भाच्याची धाकटी घरी येणार होती, तिचं येणं पुढे ढकललं.

कठड्याच्या कातीव खांबांवरही तोच चॉकलेटी रंग आहे. त्यांच्या खोबणींतून रंग काढायला बसलो तर मार्च उजाडेल. त्यांच्यावर फक्त ओला घास मारून नव्या रंगाचा हात द्यायचा असं ठरवलं. घट्ट बसलेला जुना रंग मुद्दाम उकरण्यापेक्षा झाकलेला बरा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सुतारमिस्त्री आले. पहिली पायरी पाहून म्हणाले, "ताई, फळी मी उद्या बदलीन. पण वर्षाने परत हेच होणार. ओल कुठून येते ते बघा आधी."

ओल भिंतीपलीकडून येत होती. त्या भिंतीला लागून मोरी आहे आणि मोरीतल्या नळाचा भिंतीतला जोड झिरपत होता. बाहेरून काही दिसत नव्हतं; शहाबादी फरशीच्या सांध्यातला रंग मात्र त्या कोपऱ्यात गडद होता. प्लंबर मिळवणं, भिंत फोडणं, जोड बदलणं, परत लिंपणं आणि भिंत सुकायची वाट बघणं, यात आठवडा गेला. तो वाचवायचा कसा हे मला माहीत असतं तर लिहिलं असतं; भिंत तिच्या वेळेनेच सुकते. वाळवीचं औषधही भिंत सुकल्यावरच मारलं: फरशी आणि भिंतीच्या कोनात भोकं पाडून आत सोडलं, आणि पायरीच्या आतल्या कच्च्या लाकडाला तेलातलं औषध ब्रशने दोनदा.

मधल्या दिवसांत मिस्त्रींबरोबर भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन आले. नवा साग बघितला, भाव ऐकला, आणि जुन्या वाड्यांतून निघालेल्या तुळया कापून विकणाऱ्याकडे गेलो. जुना साग पुरता वाळलेला असतो, नंतर वाकत नाही. ४,५०० रुपये घनफूट पडला. मिस्त्री प्रत्येक फळी उन्हाकडे धरून खिळ्यांची भोकं शोधत होते. आत तुटलेला खिळा राहिला तर रंध्याचं पातं जातं. त्यांच्या मते जुन्या लाकडाचा हाच काय तो दोष.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पहिली पायरी बदलली. पायऱ्यांच्या दोन्ही टोकांना बाजूच्या जाड फळ्यांत खाचा आहेत, त्यांत पायरी बसते आणि खालून पाचर ठोकलेली असते. पाचर निघाली की पायरी मागे सरकवून काढता येते. नवी फळी बसवण्याआधी तिच्या खालच्या अंगाला आणि दोन्ही टोकांना औषध आणि प्राइमर लावून घेतला. टोकांना विसरू नका. ओल पहिल्यांदा तिथूनच चढते.

करकर: पाचवी आणि बारावीच्या पाचरी सैल होत्या. जुन्या काढून, सागाच्या नव्या पाचरी फेविकॉल लावून ठोकल्या. पायरी आणि उभी फळी यांच्या कोनात खालून लाकडी ठोकळे चिकटवून स्क्रू मारले. दोन्ही गप्प झाल्या. नववी अजून बोलते. तिथे उभी फळी मधून चिरली आहे, आणि ती काढायची तर दहावीही काढावी लागेल. मिस्त्रींनी कागदाची सुरळी करून फटीत शंखजिऱ्याची मऊ पूड फुंकली. आवाज निम्म्यावर आला. तेवढ्यावर भागवलं.

झिजलेल्या कडा: पायरी उलटी करून बसवायची जुनी पद्धत आहे, पण चारही पायऱ्यांच्या खाचा एकाच बाजूने उतरत्या कापलेल्या निघाल्या, उलटल्यावर बसेनात. मग पुढचा इंचभर भाग सरळ कापून त्या जागी सागाची पट्टी चिकटवली, आतून बांबूच्या खुंट्या, आणि क्लॅम्प रात्रभर. दुसऱ्या दिवशी सहाव्या पायरीची पट्टी हातात आली, गोंद लाकडाला धरलाच नव्हता. साग तेलकट लाकूड, ताज्या कापलेल्या अंगावर तेल येतं. बाकीच्या तीन पट्ट्या मिस्त्रींनी थिनरने पुसून लगेच चिकटवल्या होत्या. ही पुसून जेवायला गेले आणि परत आल्यावर न पुसता गोंद लावला. परत घासली, पुसली, लगेच चिकटवली. आता पक्की आहे.

आज वादही झाला. मिस्त्री म्हणे, "ब्रह्मी साग आहे हा. याला रंग फासणार? पॉलिश करा ताई, आरसा होईल." मलाही मनातून तेच हवं होतं. बाराव्या पायरीवर पॉलिशचा एक हात देऊन पाहिला. मधला दोन फुटांचा पट्टा, जिथे गोंद होता तिथे, ओल्या डागासारखा काळपट उठला आणि दोन्ही अंगं लख्ख. गोंद रेषांत इतका खोल गेला आहे की रंधा मारल्याशिवाय निघणार नाही, आणि बसवलेल्या पायरीवर रंधा कडेपर्यंत पोचत नाही. त्यात दुसरी-तिसरी पायरी वेगळ्या लाकडाची. पायऱ्यांना रंग, कठड्याच्या वरच्या लाकडी दांड्याला पॉलिश, असा तह झाला. मिस्त्री नाराज होऊन गेले.

रविवार, २३ नोव्हेंबर

भोकं आणि चिरा बुजवल्या. दुकानदाराने भिंतीची पांढरी पुट्टी दिली होती, "लाकडावर पण चालते" म्हणून. चालत नाही. पायरी प्रत्येक पावलाला किंचित लवते, ही पुट्टी लवत नाही. दोन दिवसांत कडेने चीर पडून खपली निघाली. उभ्या फळ्यांवर जुन्या रीतीची लांबी, म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल, चांगली बसली, पण वाळायला पाच दिवस घेतले. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून ठेवल्या तर आपोआप तापून पेटतात, त्या पाण्यात बुडवून मग टाकल्या.

पायऱ्यांवर, जिथे पाय पडतो तिथे, लांबी नको. स्क्रूच्या भोकांत सागाच्या खुंट्या गोंद लावून ठोकल्या आणि पटाशीने सपाट केल्या. ढीगभर भोकं, कंटाळवाणं काम, पण यातली एकही वर आलेली नाही. मोठ्या खळग्यांना दोन भागांची इपॉक्सी पुट्टी. ती लाकडापेक्षा कडक होते, मग घासताना भोवतालचं लाकूड झिजतं आणि पुट्टीचा उंचवटा राहतो. म्हणून ओली असतानाच पट्टीने काटेकोर सपाट करायची, नंतर घासू म्हणून जास्त भरायची नाही. फाटलेली ढलपी तिच्या जागी चिकटवली, जोड नखालाच लागतो, डोळ्याला दिसत नाही.

मग सगळीकडे १२०, नंतर १८० चा पेपर हाताने. मधल्या पट्ट्यात कुठे पेपर भरला तर तिथे गोंद उरला आहे असं समजून परत थिनर.

सोमवार, १ डिसेंबर

उभ्या फळ्या फिक्या क्रीम रंगाच्या करायच्या. शनिवारी पाण्यातला पांढरा लाकडी प्राइमर लावला, वास नाही आणि तासाभरात वाळतो म्हणून. रविवारी सकाळी बघते तर प्रत्येक फळीवर चहा सांडल्यासारखे पिवळट डाग. प्राइमरचा दुसरा हात दिला, आज ते डाग त्यातूनही वर आले. सागातलं रंगद्रव्य पाण्यात विरघळतं आणि पाण्यातल्या रंगाबरोबर वर चढतं. कितीही हात द्या, प्रत्येक हात त्याला नवं पाणी देतो.

उपाय बोहरी आळीच्या बाजारात मिळाला: चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. लिटरभर स्पिरिटला पाव किलो चपडा, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून. डागाळलेल्या प्राइमरवरच एक हात. अर्ध्या तासात वाळला. त्यावर पुन्हा प्राइमर, डाग थांबले. हाच हात आधी दिला असता तर दोन दिवस आणि एक लिटर प्राइमर वाचला असता. वर क्रीम ऑइल पेंट, सॅटिन (मंद चमकेचा), दोन हात.

पायऱ्यांना मात्र चपडा लावला नाही. साध्या चपड्यात मेण असतं आणि त्यावर पीयू, म्हणजे पायऱ्यांना लावायचा पॉलियुरेथेनचा रंग, नीट धरत नाही. पायऱ्यांचा रंग गडद विटकरी, तिथे डाग उठले तरी दिसणार नाहीत.

शनिवार, ६ डिसेंबर

पायऱ्यांना कुठला रंग? साध्या ऑइल पेंटचा एक नमुना दहाव्या पायरीवर दिला होता. चार दिवसांनीही नख रुततं, आणि पुसून ओलसर राहिली की पाय सटकतो. आमच्याकडे सगळे अनवाणी, आई थंडीत मोजे घालते. चकचकीत ऑइल पेंट पायरीवर नकोच.

दोन भागांचा पीयू, सॅटिन, घेतला. तो नमुन्यासाठी चौदाव्या पायरीवर साध्या ऑइल प्राइमरवर लावला आणि वीस मिनिटांत खालचा प्राइमर सुरकुत्या पडून वर आला. पीयूचा थिनर तेज, तो खालचा थर उचलतो. खरवडून पुन्हा पहिल्यापासून. पीयूखाली पीयूचाच प्राइमर. आणि दहाव्या पायरीवरचा ऑइल पेंटचा नमुनाही आधी पूर्ण काढला, तो राहू दिला असता तर तिथेही तेच झालं असतं. पहिल्या पायरीवर सुतारकामाच्या वेळी लावलेला प्राइमर खालच्या अंगाला होता, वर नव्हता, म्हणून ती सुटली.

हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारा दुसरा भाग, मिसळला की घड्याळ सुरू. डब्यावर लिहिलेलं प्रमाण वजनाने की मापाने ते वाचा, आणि चार पायऱ्यांपुरताच कालवा. एकदा जास्त कालवला तो मगात दगड झाला, ब्रशसकट. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, कार्ट्रिजचा मास्क लागतो. रंगाआधी सागाला थिनरचा एक पुसा द्यायचाच, कारण तेच: तेल.

सगळे सांगतात, एक सोडून एक पायरी रंगवा म्हणजे जिना चालू राहतो. १६ इंचांची ढांग भावाला जमते, आईला नाही, वहिनीला साडीत नाही. आईने त्या दिवसांत वर जायचं नाही असं ठरलं, आणि ती दोनदा तरी पहिल्या पायरीपाशी येऊन उभी राहिली. "वाळलं का गं?" ओल्या पायरीवर खूण म्हणून वर्तमानपत्र ठेवू नका, चिकटतं. आम्ही ओल्या पायऱ्यांसमोर कठड्याला लाल सुतळी बांधली. त्यात रात्री पारा १२ अंशांपर्यंत उतरायला लागला, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ धरावा लागला.

शनिवार, १३ डिसेंबर

घसरू नये म्हणून खडबडीत चिकटपट्टी बाजारात मिळते. एका पायरीवर लावली, सकाळी आई म्हणाली, "तळव्याला किसणी लागते ही." काढली. चपला घालून चालणाऱ्यांच्या जिन्याला ती ठीक असेल.

त्याऐवजी असं केलं: प्रत्येक पायरीच्या पुढच्या कडेला दीड इंचाचा पट्टा मास्किंग टेपने आखला, त्यात फिक्या क्रीम रंगाचा पीयू लावला आणि ओला असतानाच बारीक, धुऊन वाळवलेली पांढरी वाळू चहाच्या गाळणीतून भुरभुरवली. गाळणी एका हाताने धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने टिचक्या मारत कडेने न्यायची, म्हणजे ढीग पडत नाही. वाळल्यावर सुटी वाळू ब्रशने झटकली आणि वर त्याच रंगाचा एक पातळ हात. टेप रंग अर्धवट ओला असतानाच काढायची; पूर्ण वाळू दिली तिथे पट्ट्याची कड करवतीसारखी फाटली. पायाला पकड लागते, टोचत नाही. गडद पायरीवर फिकी कड उतरताना स्पष्ट दिसते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे आणि तिला पायरी कुठे संपते तेच दिसत नव्हतं. या सगळ्या उपद्व्यापात तिला आवडलेली गोष्ट एवढीच.

रविवार, ११ जानेवारी

महिना वापरून झाला. खर्चाचा हिशेब: हीट गन १,७००, थिनर-टर्पेंटाईन-रिमूव्हर २,४००, पॉलिश पेपर, मास्क, हातमोजे १,३५०, प्लंबर २,२००, वाळवीचं औषध ३,५००, लाकूड ५,६००, मिस्त्रींची मजुरी ७,०००, चपडा-स्पिरिट ९००, प्राइमर आणि रंग ६,८५०. एकूण ३१,५०० रुपये. त्यात सुरकुतलेली पायरी आणि दगड झालेला मग धरून.

कुठे काय झालं: सहाव्या पायरीच्या बसवलेल्या पट्टीच्या जोडावर केसाएवढी रेघ उमटली आहे, वाढत नाही. तिसऱ्या पायरीवर सिलिंडर नेताना टवका उडाला, त्यासाठी उरलेला रंग आणि हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत घट्ट लावून ठेवला आहे. मळलेल्या वाळूच्या पट्ट्याला फरशीचं पोतेरं अडकतं, दात घासायच्या जुन्या ब्रशने साबण लावून घासलं की स्वच्छ होतो. पहिल्या पायरीमागे दर पंधरा दिवसांनी बॅटरी मारून बघते, मातीची नळी परत दिसलेली नाही. नववी पायरी पहाटेच्या गारठ्यात करकरते, दुपारी नाही.

दांड्याचं पॉलिश राहिलं आहे. मिस्त्री मार्चनंतर येतो म्हणाले. ते मेच्या आत उरकायला हवं, दमट हवेत पॉलिशमधला चपडा वाळताना पांढरा पडतो.